सायकल एकच, रस्ते चार

जून आला की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या घराघरांत एक हिशेब सुरू होतो. मुलगा किंवा मुलगी दहावी पास झालेली असते, कॉलेज पाच-सात किलोमीटरवर असते आणि घरात बाजूला काढलेले सात-आठ हजार रुपये असतात. सायकल कोणती घ्यायची? प्रश्न किरकोळ वाटतो, म्हणून आपण तो दुकानदारावर आणि मुलांच्या हौसेवर सोडून देतो. माझे म्हणणे असे आहे की कमी पैशांत केलेली निवड ही जास्त पैशांतल्या निवडीपेक्षा अधिक विचाराने करावी लागते. ज्याच्याकडे पंचवीस हजार आहेत त्याची निवड चुकली तर तो दुसरी सायकल घेतो. ज्याच्याकडे आठ हजार आहेत त्याच्या घरात चुकलेली सायकल कोपऱ्यात उभी राहते, आणि पुष्कळदा तिच्याबरोबर एक शिक्षणही उभे राहते.

आधी आपले रस्ते पाहू. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या भागातल्या मुलाला किंवा मुलीला एका दिवसात चार प्रकारच्या रस्त्यांवरून जावे लागते. पहिला रस्ता वस्तीपासून निघणारी पाणंद. ती काळ्या मातीची असते. उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसात लोण्यासारखी. दुसरा नीरा डाव्या कालव्याच्या किंवा एखाद्या चारीच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता. तिसरा पालखी मार्गाचा गुळगुळीत डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता, जिथे वाहने अंगावरून गेल्यासारखी जातात. आणि चौथा गावातला, बाजारातला रस्ता, म्हणजे खड्डे, गतिरोधक, गटाराची झाकणे आणि गर्दी. शहरातला सायकलपटू डांबरासाठी एक आणि डोंगरासाठी दुसरी अशा दोन सायकली ठेवू शकतो. आपल्याला चारही रस्त्यांवर एकच सायकल चालवायची आहे, आणि तिच्यावरून दप्तरही न्यायचे आहे, कधी दुधाची किटली, कधी शेळीसाठी गवताचा भाराही.

आता दुकानात काय दिसते ते पाहा. पुढच्या रांगेत जाड नळ्यांच्या, झगझगीत रंगांच्या सायकली असतात. पुढे शॉकअप, काहींना सीटखालीही शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर आणि मोठ्या खाचांचे टायर. डोंगरउतारावर चालवायच्या महागड्या सायकलीसारखे हे रूप आहे. फक्त रूप. चांगला शॉकअप ही महाग वस्तू असते, एकट्या त्याचीच किंमत आपल्या सगळ्या बजेटपेक्षा जास्त असू शकते. मग आठ हजारांच्या सायकलीत जो शॉकअप येतो तो काय असतो? दोन-अडीच किलो वजनाचे लोखंड आणि आत एक स्प्रिंग. वर्षभरात त्यात धूळ जाते, तो आखडतो किंवा खडखडायला लागतो. तोवर प्रत्येक पॅडलबरोबर पायाची थोडी ताकद तो खात असतो.

डिस्क ब्रेकचेही तसेच. चांगला डिस्क ब्रेक पावसात उत्तम चालतो, यात शंका नाही. पण स्वस्तातली चकती जरा वाकली की घासत राहते आणि तिचे पॅड गावात मिळत नाहीत. त्यासाठी बारामती गाठावी लागते. रिमवर दाबणारा साधा ब्रेक मात्र कोणताही कारागीर पाच मिनिटांत जुळवतो आणि त्याचे रबर कुठल्याही दुकानात मिळते.

गिअरबद्दल मी थोडे सांभाळून बोलेन, कारण गिअर निरुपयोगी नाहीत. आपला मुलूख बहुतेक सपाट आहे, रोटी घाट आपल्या रोजच्या वाटेवर येत नाही. पण आपल्याकडे वारा आहे. आषाढ-श्रावणात पाऊस सह्याद्रीवर पडतो आणि आपल्या वाट्याला नुसता पश्चिमेचा वारा येतो. पश्चिमेकडे तोंड करून सायकल चालवणे त्या दिवसांत चढ चढण्यासारखेच असते. अशा वेळी हलका गिअर हवासा वाटतो. मात्र पुढे तीन आणि मागे सात अशा एकवीस गिअरांपैकी रोजच्या वापरात तीन-चारच येतात. मुरमाची धूळ आणि पाणंदेचा चिखल बसला की स्वस्त गिअर उड्या मारू लागतात, चेन पडते. ज्याला रोज दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त जायचे आहे आणि बारा-पंधरा हजार खर्चता येतात, त्याने पुढे एकच चक्र आणि मागे सात दाती चक्रे असलेली सायकल शोधावी. बाकीच्यांनी बिनगिअरची घ्यावी आणि एक छोटा बदल करावा.

तो बदल असा. साध्या सायकलीला पुढे साधारण ४४ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांची फ्रीव्हील असते. सव्वीस इंची चाक धरले तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरच्या आसपास पुढे जाते. मागची फ्रीव्हील २० दात्यांची बसवली की तीच सायकल एका फेऱ्यात साडेचार मीटर जाते. म्हणजे वेग थोडा कमी होतो, पण वाऱ्यात आणि कालव्याच्या चढणीवर पायावरचा ताण दहा टक्क्यांनी उतरतो. खर्च शंभर-दीडशे रुपये. दुकानातल्या जाहिरातीच्या फलकावर ही गोष्ट लिहिलेली नसते.

मग पैसे कशावर घालायचे? माझा क्रम असा आहे.

सर्वांत आधी माप. चाकाचा आकार आणि फ्रेमचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात बहुतेकदा फक्त चाकाचा आकार सांगतात. सीटवर बसून पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहिला पाहिजे, आणि सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर नळी अंगाला टेकता कामा नये. ‘अजून उंची वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणे ही आपल्याकडची जुनी सवय. शाळेच्या गणवेशासाठी ती ठीक आहे. सायकलीसाठी नाही, कारण मोठ्या सायकलीवरून पाय जमिनीला टेकत नाही आणि मुलगी पहिल्याच आठवड्यात पडते.

दुसरी गोष्ट चाक. लोखंडी, चकचकीत रिमवर पाणी पडले की ब्रेकचे रबर घसरते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ते बरेच चांगले धरते, शिवाय चाक हलके होते. चार-पाचशे रुपये जास्त मोजावे लागले तर इथे मोजावेत. दुकानात चाक उचलून फिरवून पाहावे. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर सायकल घेण्याआधीच सरळ करून मागावे.

तिसरा टायर, आणि चार रस्त्यांचा खरा निवाडा इथेच होतो. शर्यतीच्या सायकलीचा पंचवीस मिलिमीटरचा टायर डांबरावर पळतो आणि मुरमात रुततो. मोठ्या खाचांचा दोन इंची टायर मुरमात छान, पण डांबरावर गुरगुरत चालतो आणि पाय थकवतो. काळ्या चिखलात तर कोणताच टायर उपयोगाचा नाही. ती माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचेच थांबते. तिथे जाड टायरपेक्षा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा असणे महत्त्वाचे. म्हणून आपल्यासाठी मधला मार्ग म्हणजे दीड ते पावणेदोन इंच रुंदीचा टायर, मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना बारीक खाचा. मुरमावर जाताना हवा थोडी कमी ठेवली की तो पुरतो.

हवेवरून आठवले. काही विलायती धाटणीच्या सायकलींना बारीक तोंडाचा वॉल्व असतो. गावातल्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. घेण्याआधी एवढे नक्की पाहा, नाहीतर तीन हजारांनी महाग सायकल चार आण्यांच्या हवेसाठी अडून राहते. आणि काटे. सराटे, बाभूळ, वेडी बाभूळ यांच्या या मुलखात टायरच्या आत जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घालणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

चौथी गोष्ट चेनकव्हर, आणि ही मी मुद्दाम आमच्या घरांतल्या वाचकांसाठी लिहितो. बुरखा, ओढणी, ढिली सलवार यांचे चेनशी आणि मागच्या चाकाशी वैर आहे. नव्या धाटणीच्या सायकलींना चेनकव्हर नसतेच, किंवा नावापुरती एक पट्टी असते. पूर्ण झाकणारे चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली तर काम भागते. मी असे वडील पाहिले आहेत की मुलीचा बुरखा एकदा चेनमध्ये अडकला आणि त्यांनी सायकल बंद केली. दोनशे-तीनशे रुपयांच्या पत्र्याने सुटणारा प्रश्न त्यांनी अब्रूचा प्रश्न केला.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी आम्ही याच हिशेबाने सायकल घेतली. हातात आठ हजार होते. बिनगिअरची, साध्या फोर्कची, रिमब्रेकची, सव्वीस इंची सायकल ६,३०० रुपयांना आली. कॅरिअर आणि स्टँडचे ४५०, चेनकव्हर आणि जाळीचे ३००, मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी २५०, वीस दात्यांची फ्रीव्हील १५०. झाले ७,४५०. उरलेल्या साडेपाचशेत हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान आले. तिचे कॉलेज सात किलोमीटरवर आहे. शेजारच्या मुलाने त्याच पैशांत शॉकअपची सायकल आणली आणि तिच्या सायकलीला ‘दूधवाल्याची सायकल’ म्हणून हसला. ती हसण्यावारी नेते. दूधवाला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सायकल चालवतो, हे तिला ठाऊक आहे.

खरे तर ती काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची सायकल हीच आपल्याकडची पहिली सर्वगुणी सायकल. सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ साली आणि लुधियानाची हिरो १९५६ साली सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशके खेडोपाडी हीच एक घडण दिसत राहिली. शिक्षक, पोस्टमन, भाजीवाला, बांगड्या विकणारा मणियार, सगळे तिच्यावर. मी तिचे गोडवे गाणार नाही. ती जड आहे, पावसात तिचा ब्रेक भरवशाचा नाही आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ती झेपत नाही. पण तिच्यात एक शहाणपण होते. जी वस्तू बिघडेल ती गावात दुरुस्त झाली पाहिजे, आणि जी गावात दुरुस्त होत नाही ती सायकलीवर असता कामा नये. कमी बजेटच्या माणसाने आजही हीच कसोटी लावावी.

जुनी सायकल घ्यायलाही माझी हरकत नाही. शहरात शिकायला गेलेली मुले दोन-तीन वर्षांत चांगल्या सायकली निम्म्या किमतीला विकतात. मात्र वेल्डिंगच्या जोडांवर तडे आहेत का, पॅडलचा दांडा हाताने हलवल्यावर खडखडतो का आणि हँडल वळवताना मध्येच अडते का, या तीन गोष्टी तपासाव्यात. रंग उडालेला असला तर बिघडत नाही. नवीनच घ्यायची असेल तर सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, हे लक्षात ठेवून भाव करावा.

आता सल्ला कोणाचा घ्यायचा, याविषयी. दुकानदार सायकल विकतो त्या दिवशी ती पाहतो. पंक्चर काढणारा ती पुढची दहा वर्षे पाहतो. कोणत्या सायकलीचे चाक तीन महिन्यांत डुलते, कोणता हब छर्रे खातो, कोणते पॅडल तुटते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसते. आमच्याकडच्या फाट्यावर एक चाचा आहेत. चाळीस वर्षे त्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. सायकल घ्यायच्या आधी भाचीला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते तिला एवढेच म्हणाले, “बेटा, दिखाने को मत ले, चलाने को ले.”

हल्ली समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचे असेल तर त्याला ‘पंक्चरवाला’ म्हणतात. आपली शिकलेली मुले हे वाचून चिडतात, आणि चिडून म्हणतात, आम्ही डॉक्टर आहोत, इंजिनिअर आहोत. चिडणे मी समजू शकतो. पण या उत्तरात एक गोष्ट नकळत मान्य होते, की पंक्चर काढणे कमीपणाचे आहे. मला ते मान्य नाही. आपल्या मुलांनी पंक्चरच्या दुकानापलीकडे जावे, जरूर जावे, आणि त्यासाठी शाळा-कॉलेज हवेच. मात्र सकाळी सात वाजता फाट्यावर दुकान उघडून जो माणूस कॉलेजला निघालेल्या मुलांच्या सायकली दहा मिनिटांत उभ्या करतो, त्याच्या कामावर अनेकांचे शिक्षण चालते. त्यात मुसलमान मुले आहेत, मराठ्यांची, धनगरांची, दलितांचीही आहेत. सायकल घेताना त्याला विचारणे हा त्याच्यावर उपकार नाही. ज्याला कळते त्याला विचारणे, एवढाच तो व्यवहार आहे.

मुलींच्या सायकलीने काय होते, याचे दोन दाखले देतो. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा जिथे लांब होती तिथे हा फरक मोठा होता. दुसरा दाखला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, त्यात मुसलमान बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात एक बारकावा आहे. लेडीज सायकली संपल्या तेव्हा त्या बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण मधल्या नळीवर मूल बसवता येत होते. सायकल आपल्या कामावरून निवडायची असते, हे त्या नवसाक्षर बायकांना कोणी शिकवावे लागले नाही.

काही जण म्हणतील, मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, सायकल कशाला? पास चांगलाच आहे. पण एसटी फाट्यावर येते, वस्तीवर येत नाही. वस्ती ते फाटा हे तीन-चार किलोमीटर कोण पार करणार? आणि जादा तास झाला, शेवटची गाडी चुकली, तर? दुसरे म्हणतील, हप्त्यावर स्कूटर घेऊ. सोळा वर्षांच्या मुलीला त्या स्कूटरचे लायसन मिळत नाही, आणि घरात स्कूटर आली की ती भावाची होते. सायकल बहुधा तिचीच राहते.

आपल्या घरांत निकाह-वलीम्याला मंडप किती मोठा घालायचा यावर आठवडाभर चर्चा होते. मुलीच्या सायकलीवर अर्धा तासही होत नाही. सायकल सारखी बिघडू लागली की आधी भाऊ सोडायला जातो, मग त्याला वेळ नसतो, मग ‘राहू दे, बाहेरून परीक्षा दे’ अशी गोष्ट येते. कोणीही ‘शिकू नको’ असे म्हटलेले नसते. एवढेच झालेले असते की चाक डुलत होते आणि ते सरळ करायला कोणी गेले नाही.

एक शेवटची सूचना जिवाची आहे. दिवाळीच्या पुढेमागे छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी या कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, रस्त्यावर पसरलेले पाचट. थंडीत दिवस लवकर मावळतो. शॉकअप नसला तर हात थोडे दुखतील. मागे लाल दिवा नसला तर काय होईल ते सांगायला नको. आठ हजारांच्या हिशेबात दिव्याचे आणि चमकत्या पट्टीचे अडीचशे रुपये सर्वांत आधी बाजूला काढावेत, मग सायकलीचा रंग पाहावा.

यंदा ज्यांच्या घरी सायकल घ्यायची आहे त्यांना माझी विनंती एवढीच. दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी मुलीबरोबर तिच्या कॉलेजच्या रस्त्याने एकदा चालत किंवा गाडीवर जाऊन या. पाणंद किती, मुरूम किती, डांबर किती, ते पाहा. येताना फाट्यावर थांबून पंक्चरवाल्या चाचांना विचारा. मग दुकानात जा आणि सायकलीवर तिला बसवून तिचा पाय टेकतो का ते पाहा.